ब्रॉयलरच्या खाद्यात सूर्यफुलाचे दाणे: किती घालायचे, कसे दळायचे, कुठे फसते

कोंबडखाना

ब्रॉयलरच्या (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या) मका-सोया पेंडीच्या खाद्यात सूर्यफुलाचे अख्खे दाणे घालण्याबद्दल हा धागा. पेंड नव्हे, तेल न काढलेले दाणे. खाद्य शेडवरच दळून मॅश (सुट्टी भरड) स्वरूपात द्यायचे आहे, पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) नाही. प्रश्न तीन आहेत. सोया पेंडीच्या जागी हे दाणे किलोला किलो घालता येतात का? कोणत्या वयापासून किती टक्के? आणि हॅमर मिलमध्ये (फिरत्या हातोड्यांनी दाणा फोडून जाळीतून काढणाऱ्या गिरणीत) टाकले की जाळी बुजते असे सगळेच सांगतात, त्यावर उपाय काय? कृपया आकड्यांसह लिहा.

दाणापाणी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होते. किलोला किलो अजिबात नाही.

सूर्यफुलाला लोक "प्रोटीनवाला दाणा" समजतात. पण तेलासाठी पिकवलेल्या काळ्या दाण्यात साधारण ४० ते ४५ टक्के तेल असते आणि प्रोटीन जेमतेम १६ ते १८ टक्के. सोया पेंडीत ४६. म्हणजे हा दाणा मुळात टरफलात बांधलेले तेल आहे, सोबत थोडे प्रोटीन.

१०० किलो फिनिशर (विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्याचे खाद्य) धरा: मका ६४, सोया पेंड २८, तेल ३.५ आणि उरलेल्या ४.५ किलोत डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), चुनखडी, मीठ, सोडा, प्रीमिक्स (जीवनसत्त्वे-खनिजांचे मिश्रण), अमिनो ॲसिड. मक्याचे प्रोटीन ८.८ टक्के आणि ऊर्जा किलोला ३३५० किलोकॅलरी, सोया पेंडीची ऊर्जा २३५०, तेलाची ८८०० धरली, तर मका-सोयातून प्रोटीन येते १८.५ टक्के आणि एकूण ऊर्जा ३११०. आता सोया पेंडीतले १० किलो काढून तिथे १० किलो सूर्यफूल टाका. दाण्याचे प्रोटीन १७ टक्के, ऊर्जा ४४००. प्रोटीन घसरून १५.६ वर येते, ऊर्जा चढते ३३१५ वर. पक्षी ऊर्जेने लवकर भागतो, कमी खातो, आणि जे खातो त्यात प्रोटीन तोकडे. छाती भरत नाही, पिसे विरळ राहतात, पोटात चरबीचा गोळा. मग दोष सूर्यफुलाला लागतो, चूक हिशेबाची असते.

बरोबर अदलाबदल अशी: मका ५८.५, सोया पेंड २६, सूर्यफूल १०, तेल १, बाकी ४.५ तसेच. प्रोटीन १८.८, ऊर्जा ३१००. म्हणजे १० किलो दाण्यांनी जागा घेतली साडेपाच किलो मक्याची, दोन किलो सोया पेंडीची आणि अडीच किलो तेलाची. या दाण्याचा खरा फायदा तेलाच्या डब्यात आहे, पेंडीच्या पोत्यात नाही. दाणे परवडतात की नाही हे ठरवताना वजाबाकी याच तीन आकड्यांची करा.

कोंबडखाना

हे फारच उपयोगी. म्हणजे आत्तापर्यंतचा विचारच उलटा होता. लायसिन-मेथिओनिन या दोन अमिनो ॲसिडचे काय करायचे?

दाणापाणी

सूर्यफुलाच्या प्रोटीनमध्ये लायसिन कमी. १०० ग्रॅम प्रोटीनमागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास, सोयात सहाच्या वर. मेथिओनिन मात्र सोयापेक्षा सरस, १०० ग्रॅममागे सव्वादोन ग्रॅमच्या जवळ, सोयात दीडच्या खाली.

वरच्या मिश्रणात पचनीय लायसिन ०.८५ टक्क्यांवरून ०.८४ वर येते. फिनिशरला १.०३ च्या आसपास हवे. लायसिन एचसीएलमध्ये (खाद्यात घालायची लायसिनची पावडर) प्रत्यक्ष लायसिन ७८ टक्के असते हे धरून टनाला आधी २.२ किलो लागत असेल तर आता २.४ किलो घाला. फरक दिसायला १५०–२०० ग्रॅमचा, पण तो टाळला तर वजनात दिसतो. मेथिओनिन कागदावर टनाला सव्वाशे ग्रॅम कमी करता येते.

भरडा

दाणापाणी, बाकी सगळे मान्य, पण मेथिओनिनची कपात करू नये असे माझे मत आहे. सूर्यफुलात क्लोरोजेनिक ॲसिड असते. ते ऑक्सिडाइझ होऊन प्रोटीनला चिकटते आणि त्याची उपलब्धता घटवते, पचनाच्या एन्झाइमनाही थोडी आडकाठी करते. मेथिओनिन आणि कोलीन पुरेसे असले की हा परिणाम बराच निवळतो. सव्वाशे ग्रॅम वाचवायला जाऊन तो आधार काढून घेण्यात शहाणपण नाही.

दाणापाणी

पटले. १० टक्क्यांपर्यंत डीएल-मेथिओनिन होते तेवढेच ठेवा, कोलीन क्लोराइडही कमी करू नका. एक गोष्ट मात्र सूर्यफुलाच्या बाजूची: सोयाबीनसारखा ट्रिप्सिन रोधक याच्यात अडचण करण्याइतका नसतो. अख्खे सोयाबीन न भाजता दिले तर स्वादुपिंड सुजते. सूर्यफूल कच्चे दिले तरी चालते, भाजायचा खर्च नाही.

पाखडणी

टक्केवारी ठरवण्याआधी एक काम करा, नाहीतर वरचे सगळे आकडे हवेतले ठरतील. तुमच्या दाण्यात टरफल किती आहे ते मोजा.

काळा, बारीक, तेलाचा दाणा असेल तर टरफल वजनाच्या २० ते ३० टक्के. खाण्यासाठी पिकवतात तो पांढऱ्या-करड्या पट्ट्यांचा मोठा दाणा असेल तर ४० ते ५० टक्के टरफल, आणि तेल ३० टक्क्यांच्या आतबाहेर. नाव एकच, पण खाद्य म्हणून दोन वेगळ्या वस्तू. पट्ट्यांच्या दाण्याला ४४०० ऊर्जा धरून फॉर्म्युला बसवला तर खाद्य हमखास हलके निघणार.

मोजायचे असे. पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठ उचलू नका, पोचट दाणे वर तरंगून आलेले असतात. नळी खुपसून वरून, मधून आणि तळातून दाणे काढा, एकत्र करा, त्यातले १० ग्रॅम तोला. सोनाराच्या काट्यासारखा लहान डिजिटल काटा पुरतो. तेलाच्या जातीचे १० ग्रॅम म्हणजे साधारण दीड-दोनशे दाणे. दाणा टोकाकडून नखाने किंवा पकडीने दाबला की टरफल उभे चिरते आणि गर सुटतो. गर एकीकडे, टरफल एकीकडे. गर साडेसात ग्रॅम भरला तर टरफल २५ टक्के, माल चांगला. गर सहावर आला तर टरफल ४० टक्के, तो माल कोवळ्या पिलांसाठी बाद.

सोलताना आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली, पोचट दाणे. सूर्यफुलात परागीभवन नीट झाले नाही की बोंडाच्या मधल्या भागातले दाणे रिकामेच राहतात. बाहेरून टपोरे, आत फक्त पातळ पापुद्रा. शंभरात दहा-बारा असे निघाले तर उफणणी करा, वाऱ्यावर सहज उडतात. दुसरी, गराचा रंग. चांगला गर पांढरट-सायीच्या रंगाचा. पिवळट-तपकिरी पडलेला, बोटाला तेल लागणारा गर म्हणजे माल तापून गेलेला. एक गर चावून पाहा. खवट किंवा साबणासारखी चव आली तर तो लॉट घेऊच नका.

कोंबडखाना

पाखडणीताई, खूप आभार. बुरशी बाहेरून ओळखता येते का?

पाखडणी

बऱ्याचदा नाही, म्हणूनच सोलायचे. टरफल काळे, त्यामुळे वर डाग दिसत नाही आणि बुरशी टरफल-गराच्या फटीत हिरवट-करडी बसलेली असते. अफ्लाटॉक्सिनची (बुरशीच्या विषाची) शंका असेल तर प्रयोगशाळेत नमुना द्या. टॉक्सिन बाइंडर (विष बांधून ठेवणारी पावडर) घातला की कसलाही माल चालतो हा समज सोडा. बाइंडर थोड्या दोषासाठी आहे, सडक्या मालासाठी नाही.

साठवणीचा नियमही मक्यापेक्षा कडक. मका १२–१३ टक्के ओलाव्यावर टिकतो, सूर्यफूल तेवढ्यावर तापते. तेल पाणी धरत नाही. दाण्याचा चाळीस टक्के भाग तेलाचा, म्हणजे सगळा ओलावा उरलेल्या भागात साठतो आणि तिथे बुरशीला आयते फावते. महिनाभरासाठी ९–१० टक्के, त्यापेक्षा जास्त दिवसांसाठी ८ टक्के. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. थप्पीच्या मधल्या पोत्यात दर आठवड्याला हात कोपरापर्यंत घाला. आतून कोमट लागले तर त्याच दिवशी थप्पी मोडून दाणे पसरा.

जाळी_तीन_एमएम

दळण्याबद्दल. नुसते सूर्यफूल हॅमर मिलमध्ये टाकायचेच नाही. तेल सुटते, भुग्याची लापशी होते, ती जाळीच्या भोकांत बसते. मग माल बाहेर पडत नाही, आतच पुन्हा पुन्हा कुटला जातो, तापतो, आणखी तेल सुटते. मोटरचा अँपिअर चढायला लागला की समजा जाळी मिटत आली.

उपाय: एक भाग दाणे आणि तीन ते चार भाग कोरडा मका आधी एकत्र करून मगच घाला. मक्याचा स्टार्च सुटलेले तेल शोषतो आणि त्याचे कडक कण जाळी घासून साफ ठेवतात. १० टक्क्यांच्या मिश्रणात मका ५८ किलो असतोच, त्यातला ४० किलो दाण्यांबरोबर दळा. उरलेला १८ किलो शेवटी एकटा चालवा, म्हणजे मिलमध्ये अडकलेला तेलकट भुगा त्याच्याबरोबर निघून येतो. मका १४ टक्क्यांच्या वर ओला असेल तर ही युक्ती फसते.

जाळी स्टार्टरला (पहिल्या दिवसांच्या खाद्याला) ३ मिमी, ग्रोअर (मधल्या टप्प्याच्या) आणि फिनिशरला ४ मिमी. हातोड्यांची धार गोल झाली असेल तर पालटून घ्या. बोथट हातोडा दाणा कापत नाही, चेंगरतो, आणि चेंगरला की तेल. घास थोडा-थोडा सोडा, मक्याच्या नेहमीच्या वेगाच्या तीन चतुर्थांश. काम संपले की जाळी काढून तारेच्या ब्रशने साफ करा. रात्रभर तेलकट भुगा राहिला तर सकाळी तो वार्निशसारखा घट्ट झालेला असतो, आणि तोच खवटपणा पुढच्या प्रत्येक घाण्यात उतरतो.

आणि एकदम महिन्याचे दळून ठेवू नका. अख्ख्या दाण्यात तेल बंद असते. दळले की हवा लागते आणि त्यातले लिनोलिक आम्ल झपाट्याने ऑक्सिडाइझ होते. उष्ण दिवसांत ५ ते ७ दिवसांत संपेल एवढेच दळा. बीएचटीसारखा अँटिऑक्सिडंट घालणार असाल तर दळतानाच घाला, खवट वास आल्यावर घालून काही होत नाही.

भरडा

मिक्सरबद्दल दोन ओळी. सूर्यफूल हलके असते. एक घनमीटर मका सातशे किलोच्या वर भरतो, सूर्यफूल चारशेच्या आसपास. वजनाने ५०० किलोचा घाणा असला तरी मिक्सर नेहमीपेक्षा वर भरतो आणि उभ्या मिक्सरमध्ये वरचा थर फिरतच नाही. घाणा दहा टक्के कमी घ्या. लायसिन, मेथिओनिन, प्रीमिक्स आधी पाच-दहा किलो मक्याच्या पिठात कालवून मगच टाका. सूर्यफुलाच्या तेलकट भुग्यावर थेट टाकलेली पावडर गोळ्या धरते.

शेड_नंबर_चार

फीडरमध्ये काय होते तेही लिहायला हवे. मॅशमध्ये टरफलाच्या काड्या राहिल्या की पक्षी मक्याचे कण वेचून खातात आणि काड्या बाजूला सारतात. सकाळी फीडर बघा: तळाशी बारीक पीठ, आणि कडेने काळ्या-करड्या चिमट्यासारख्या लांब सालींची झालर. हे दिसले की दोन गोष्टी चालू आहेत. सशक्त पक्षी मका-गर खातोय, आणि प्रीमिक्स तळाच्या पिठात पडून राहतेय. कळपात वजनाची तफावत इथून सुरू होते.

वरून ताजे खाद्य ओतत राहू नका, त्याने झालर फक्त दबते. दिवसातून एकदा फीडर पूर्ण रिकामा होऊ द्या, तासाभरापेक्षा जास्त नाही. जाळी ४ ऐवजी ३ मिमी करून पाहा. मिश्रणात ठेवलेले एक टक्का तेल शेवटी फवारून मिसळा, पीठ कणांना चिकटून राहते. ऑगर लाइन (खाद्य पुढे ढकलणारी स्क्रूची नळी) लांब असेल तर शेवटच्या पॅनमधले खाद्य पहिल्या पॅनशेजारी ठेवून बघा, साली कुठे जमतात ते लगेच कळते.

कोंबडखाना

मग टरफल पूर्ण काढूनच टाकले तर?

दाणापाणी

सगळे काढायची गरज नाही, आणि काढूही नये. वरच्या १० टक्क्यांच्या मिश्रणात क्रूड फायबर (तंतूंचे प्रमाण) २.८ वरून साधारण ४.५ टक्क्यांवर जाते. ब्रॉयलर हे पेलतो. उलट थोडे खरखरीत, न विरघळणारे तंतू गिझार्डला (दाणा दळणाऱ्या पोटाला) काम देतात. गिझार्ड मोठा आणि दणकट होतो, खाद्य तिथे जास्त वेळ थांबते, पचन सुधारते. नुसत्या बारीक पिठावर वाढलेल्या पक्ष्याचा गिझार्ड पिशवीसारखा ढिला असतो. अडचण येते २० टक्क्यांना, फायबर सहाच्या वर जाते आणि पोट भरते पण ऊर्जा भरत नाही.

टरफल २५ टक्के असलेल्या मालातून निम्मे काढले तर उरलेल्यात ते १४ टक्के राहते, तेल ४२ वरून ४८ च्या जवळ, प्रोटीन १७ वरून १९. भरडणीच्या दोन चकत्यांतले अंतर दाण्याच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवून एकदा काढा आणि उफणा. पण सोललेला गर दळायला आणखी चिकट, त्याला पाच भाग मका लागतो. आणि सोललेला गर साठवायचा नाही, त्या आठवड्यात संपवायचा.

शेड_नंबर_चार

वयानुसार किती ते अजून आले नाही.

दाणापाणी

पहिले १० दिवस शून्य ठेवणे उत्तम. पिलाचे लायपेज (चरबी पचवणारे एन्झाइम) आणि पित्त अजून पुरते तयार नसते, गिझार्ड लहान, टरफलाची काडी घशात खुपते. द्यायचेच तर निम्मे टरफल काढलेले, ३ मिमी जाळीचे, ५ टक्क्यांच्या आत. ११ ते २४ दिवस ५ ते १०. पंचविसाव्या दिवसानंतर १० ते १५. अमिनो ॲसिडचा ताळमेळ नीट असेल तर २० टक्क्यांपर्यंतही वाढ टिकते, पण तिथे चुकीला जागा उरत नाही. शेडवर दळणाऱ्यांनी १५ ही हद्द मानावी.

बदल एका दिवसात नको. चार दिवसांत पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण.

पट्ट्यांचा दाणा असेल तर वरचे सगळे आकडे निम्मे करा.

भरडा

एक भर. कत्तलीआधीच्या शेवटच्या आठवड्यात १५ वरून ८–१० वर उतरा. सूर्यफुलाच्या साध्या जातीच्या तेलात साठ टक्क्यांच्या आसपास लिनोलिक आम्ल असते. ब्रॉयलर जे तेल खातो तशीच चरबी अंगावर चढवतो. चरबी मऊ, तेलकट होते, सोललेला पक्षी हाताला निसटतो आणि फ्रीझरमध्ये लवकर खवटतो. दाण्यात व्हिटॅमिन ई मुळात चांगले असते, पण एवढे लिनोलिक सांभाळायला ते पुरत नाही. प्रीमिक्समधले ई वाढवून घ्या, मांस गोठवून विकणार असाल तर नक्कीच. ओलिक जास्त असलेल्या जातीचे दाणे मिळाले तर ही अडचण बरीच कमी होते.

मका कमी झाल्याने कातडीचा पिवळेपणाही थोडा उतरतो. गिऱ्हाईक पिवळा पक्षी मागत असेल तर लक्षात असू द्या. आणि पुढे कोणी पेलेट करणार असेल तर: दळलेल्या दाण्यातले तेल धरून एकूण तेल सहा टक्क्यांच्या वर गेले की पेलेट ठिसूळ होते. तिथे दाणे ५–८ टक्क्यांवर थांबवा.

नवा_लॉट

न दळता अख्खे दाणेच फीडरमध्ये टाकले तर? पंचवीस दिवसांचा पक्षी सहज गिळतो.

शेड_नंबर_चार

गिळतो, आणि प्रश्न तिथेच आहे. पक्ष्यांना हा दाणा इतका आवडतो की ते आधी तोच वेचतात. दांडगे पक्षी दाणे खातात, दुबळ्यांना नुसते पीठ उरते. शिवाय गिझार्डमध्ये खडे नसतील तर काही दाणे अर्धवट फुटून विष्ठेत उतरतात. विष्ठा तुसावर घासून पाहा, पांढरे गराचे कण दिसले की ऊर्जा बाहेर चालली आहे. अख्खे द्यायचे तर ५ टक्क्यांच्या वर नको, आणि २–३ मिमीचे कठीण दगडी खडे सोबत द्या. चुनखडीचे खडे चालत नाहीत, ते गिझार्डच्या आम्लात विरघळतात आणि कॅल्शियम उगाच वाढते.

नवा_लॉट

आणि खारवलेले-भाजलेले दाणे, किंवा पेरणीचे उरलेले बियाणे? दोन्ही बरेचदा स्वस्तात मिळते.

पाखडणी

पेरणीचे बियाणे कोणत्याही परिस्थितीत नाही. त्याला बुरशीनाशक आणि बहुधा कीटकनाशकाचा लेप असतो, म्हणूनच त्यावर लाल-निळा-हिरवा रंग दिसतो. धुऊन तो जात नाही. पक्षी मेले नाहीत तरी विष मांसात उतरू शकते, आणि ते खाणारी माणसे आहेत. रंग नसला पण पोते बियाण्याचे असले तरी परत पाठवा.

खारवलेल्या दाण्यांचेही नाही म्हणेन. मिठाचे प्रमाण प्रत्येक पोत्यात वेगळे, फॉर्म्युल्यातले मीठ किती कमी करायचे ते कळणार नाही. पक्षी पाणी जास्त पितो, विष्ठा पातळ, लिटर (शेडमधला तुसाचा थर) ओले, अमोनिया, पायाला फोड. शिवाय भाजून पडून राहिलेला दाणा निम्मा खवट झालेलाच असतो.

कोंबडखाना

सगळे टिपून घेतले. शेवटचा प्रश्न: फायटेज आणि एन्झाइमचा उपयोग होतो का, आणि पहिल्या लॉटला पूर्ण शेडवरच सुरू करावे का?

दाणापाणी

फायटेज (फायटेटमधले फॉस्फरस सोडवणारे एन्झाइम) चालू असेल तर तेच राहू द्या, दाण्यातले बरेचसे फॉस्फरस फायटेटमध्ये बांधलेले असते आणि त्यातले काही सुटते. तंतूंवरचे एन्झाइम घेणार असाल तर नुसते झायलानेज नको, पेक्टिनेज आणि सेल्युलेज असलेले मिश्र घ्या, सूर्यफुलात पेक्टिन बरेच असते. १० टक्क्यांपर्यंत एन्झाइमशिवायही भागते.

पूर्ण शेड नको. अकराव्या दिवशी जाळीने दोन कप्पे करा, प्रत्येकी ५० पक्षी, नर-मादी सारख्या प्रमाणात, सारख्या सुरुवातीच्या वजनाचे. एकाला नेहमीचे, एकाला सूर्यफुलाचे. खाद्य तोलून द्या, उरलेलेही तोला, दर सात दिवसांनी त्याच वेळी वजन. वजन सारखे पण खाद्य जास्त लागले तर दाण्याची ऊर्जा जास्त धरली गेली आहे, ४४०० ऐवजी ४००० धरून फॉर्म्युला पुन्हा बसवा. खाद्य सारखे पण वजन मागे असेल तर आधी लायसिन तपासा, मग टरफल पुन्हा मोजा.